बंडोपंतांच्या फटफटीमागे बसण्यापूर्वी

मी, नागनाथ औंढेकर, वल्द म्हणजे वडील नरहर ऊर्फ नाना, वय वर्षे बावीस, राहणार हिंगोली, शिक्षण इंटरच्या मध्यापर्यंत, धंदा सध्या दुसऱ्याची फटफटी ढकलणे, असे लिहून ठेवतो की हा कागद मी पोटभर जेवून, शुद्धीवर राहून आणि कोणी मानेवर बसलेले नसताना लिहीत आहे. शुद्धीबद्दल गंगूकाकूंना शंका आहे. त्या या ओसरीवर माझ्यासमोर शेंगा निवडत बसल्या आहेत. "शुद्धीवर असता तर ह्यांच्या मागं काहून बसला असता?" असे त्या आत्ताच म्हणाल्या. खरेपणासाठी तेही लिहून घेतले.

मला आजार नाही. उद्या सकाळी शेजारचे बंडोपंत वकील, म्हणजे काकूंचे यजमान, फटफटीवरून लोणारचे सरोवर पाहायला व त्याचे फोटो काढायला निघणार आहेत आणि मी त्यांच्या मागे बसणार आहे. बंडोपंत लढाईच्या दिवसांत बसऱ्याला फटफटीवरून लष्करी डाक नेत. निघण्यापूर्वी प्रत्येकाने मृत्युपत्र लिहायचे, असा तिथला शिरस्ता त्यांनी पाहिला. "नानांचं एकुलतं पोरगं मागं बसवतोय. कागद केल्याशिवाय मी किक मारणार नाही," असे ते म्हणाले. मी म्हटले, आजच करतो. त्यांनी काल म्हटले असते तरी कालच केला असता.

कलम १. कायदा असा की कागदावर दोन साक्षीदार हवेत, आणि ज्याला कागदाने काही मिळायचे त्याने साक्ष करू नये. केली तर त्याचा वाटा बुडतो. बंडोपंतांनी हे मला दोन वेळा समजावले, कारण पहिल्या वेळी माझे लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे होते. पहिले साक्षीदार ते स्वतः आहेत, म्हणून त्यांना मी काही देत नाही. त्यांचे जे मला हवे आहे त्याचा मजकूर पुढे येईल. बंडोपंत न वाचता कशावर सही करत नाहीत, वाण्याची पावतीसुद्धा उलटून पाहतात. तेव्हा जे त्यांच्या तोंडावर बोलायला माझी जीभ रेटत नाही ते मी कलमांत घालतो. माघात त्यांच्या घरी परभणीचे पाहुणे मुलगी पाहायला येणार आहेत. मला त्याच्या आत बोलायचे आहे.

कलम २. फटफटीवर माझा हक्क नाही, पण तिला माझा खांदा लागला आहे, म्हणून तिची हकीकत येथे देतो. बसऱ्याहून परतल्यावर बंडोपंतांनी सिकंदराबादेहून जुनी फटफटी आणली. तिच्यावरून ते निजामाची सगळी मोगलाई फिरले. त्यांची मुलगी अनुसूया जन्मली तेव्हा काकूंनी त्यांचा हात लेकराच्या डोक्यावर ठेवून त्यांना फटफटी सोडण्याची शपथ घ्यायला लावली आणि फटफटी गोठ्यात गेली. तिथे ती अठरा वर्षे कडब्याखाली होती. सीटच्या पोटात उंदरांची बाळंतपणे झाली. तेवढ्या काळात बंडोपंत नामांकित वकील झाले आणि, काकूंच्या शब्दांत, घरात बसून आंबले. गेल्या दसऱ्याला काकूंनीच कडबा सारला, फटफटीला हळदकुंकू वाहिले आणि म्हणाल्या, "न्या बाहेर. पण जिथं जाल तिथलं मला आणून दाखवा. सांगू नका. तुमचं सांगणं मी अठरा वर्षं ऐकून राहिले." काकूंचे गुडघे धरलेले आहेत आणि औंढ्यापलीकडे त्या कधी गेलेल्या नाहीत. म्हणून चौपन्नाव्या वर्षी बंडोपंतांनी पुन्हा चामडी टोपी चढवली आणि बसऱ्याचा भात्याचा कॅमेरा गळ्यात अडकवला. शहाणे लोक हसले. मी हसलो नाही. एकदा कयाधू नदीच्या वाळूतून वर आल्यावर त्यांचा चेहरा मी पाहिला होता. कोर्टात जिंकल्यावर तो तसा दिसत नाही.

मला मागे का घेतले, तर कॅमेऱ्याची तिपाई धरून बसायला आणि चिखलात ढकलायला कोणी टिकेना. माझे डोके गरम आहे हे त्यांना ठाऊक आहे. "इंजिनही तापतं," ते म्हणाले, "पण ते बाजूला उभं केलं की थंड होतं."

कलम ३. मन्तिकचे, म्हणजे तर्कशास्त्राचे, पुस्तक औरंगाबादेस माझ्या प्राध्यापकांना टपालाने पाठवावे. त्यातली पहिली वीस पाने वाचलेली आहेत, बाकीची कोरी करकरीत आहेत, दुसऱ्या मुलाच्या उपयोगी पडतील. एकदा वर्गात मी त्यांच्याशी हुज्जत घातली तेव्हा ते म्हणाले, "औंढेकर, बाहेर जा आणि डोकं थंड झालं की परत या." मी बाहेर पडलो तो हिंगोलीच्या स्टेशनात उतरूनच थांबलो. डोके अजून थंड झालेले नाही, म्हणून परत गेलो नाही. त्यांचा हुकूम मी मोडलेला नाही, हे त्यांना कळवावे. वसतिगृहात ठेवलेली माझी हॉकीची काठी खानावळीच्या कारभाऱ्याला देऊ नये. त्याने आमटीत पाणी घातले.

कलम ४. गुलाबसिंग लॉरीवाला दुसरा साक्षीदार म्हणून यायचा आहे. बंडोपंतांच्या मागे सगळ्यांत आधी तोच बसला होता आणि कयाधूच्या उतारावर उडी मारून चालत घरी गेला. त्यानंतर त्याने भर बाजारात जाहीर केले, "वकीलसाब, ही गाडी गोरेगावच्या पुढं गेली तर मी मूछ उतरवतो. बराबर लिहून ठेवा." आम्ही गोरेगाव ओलांडून, पैनगंगा उतरून, वऱ्हाडात शिरून मेलो तरी पैज आमचीच, हे ध्यानात घ्यावे. माझा नवा वस्तरा मी त्याला ठेवणार होतो. पण तो साक्ष करणार, म्हणजे कलम एकप्रमाणे वस्तरा बुडाला. याचे मला वाईट वाटते.

कलम ५. सायकल नानांना द्यावी. कचेरीत पायी जातात. कॉलेज सोडल्यापासून नाना माझ्याशी सरळ बोलत नाहीत. मी समोर बसलेला असताना आईला म्हणतात, "त्याला म्हणावं, मीठ सरकव." मी आईला म्हणतो, "त्यांना म्हणावं, सरकवलं." मध्ये आईचे जेवण थंड होते. हा कागद वाचून नानांना काही बोलावेसे वाटले तर मी जिवंत असताना बोलावे. मागाहून सोय नाही. आईला माझा लोकरी कोट. तिने तो स्वतः घालावा, पेटीत ठेवू नये.

कलम ६. एका फोटोबद्दल. याची हकीकत गावात वेडीवाकडी पसरली आहे, म्हणून सरळ लिहितो.

बंडोपंतांच्या घरी बाळंतिणीची जी अंधारी खोली आहे तिथे फिल्म धुतात. धुण्याचे काम अनुसूयाचे. वडिलांचे कच्चे मसुदे सुवाच्य करण्याचे कामही तिचेच. लाल कंदिलात घड्याळ नीट दिसत नाही, म्हणून ती एक स्तोत्र तीनदा म्हणते आणि तिसऱ्यांदा संपले की फिल्म औषधातून काढते. दिवाळीच्या सुट्टीत मी बाहेर उभा होतो. दुसऱ्या खेपेलाच मला राहवेना आणि मी कडी वाजवली. आतून स्तोत्र न थांबता त्याच चालीवर आवाज आला, "दम धरा जरा, चेहरा अजून वर यायचाय." सुट्टी संपवून मी कॉलेजात गेलो आणि आठच दिवसांत तर्कशास्त्राचा तो प्रसंग घडला. तेव्हापासून मी दम धरून आहे. मला त्याची सवय नाही.

पुढे मार्गशीर्षात बंडोपंत आणि मी जवळा बाजार या गावी गेलो. निघताना त्यांनी अंगणात मायलेकींचा फोटो काढायचे ठरवले. काकू ऐन वेळी "माझा अवतार पाहा" म्हणून आत गेल्या. अनुसूया एका बाजूला आणि शेजारी काकूंची रिकामी जागा, असाच फोटो निघाला. जवळ्याला बाजाराच्या गर्दीत बंडोपंतांनी मला फटफटीशेजारी उभे करून दुसरा काढला. त्या कॅमेऱ्यात एक फोटो काढला की किल्लीने रोल पुढे फिरवावा लागतो. ते फिरवायला विसरले. पहिल्यावर दुसरा पडला. फिल्म धुवून कागदावर उतरवली तर अनुसूया उभी, काकूंच्या जागी मी उभा, मधून एक बैल चाललेला आणि मागे दोरखंडाचे दुकान.

काकूंनी तो उन्हात धरला. "ही दोघं जवळ्याला कधी गेली?"

"गेली नाहीत. रोल फिरवायचा राहिला," बंडोपंत म्हणाले.

"पक्षकाराला म्हणता कागद उलटून पाहत जा. आणि स्वतः?"

"वयानं होतं एखादेवेळी."

"पण चांगली आलीत," काकू म्हणाल्या. "बैलसुद्धा चांगला आलाय."

बंडोपंतांनी फोटो कायद्याच्या जाड पुस्तकात घातला आणि अनुसूयाला फिल्मचा तो तुकडा फेकायला सांगितले. ती "व्हय बाबा" म्हणाली. फेकला की नाही, हे मला माहीत नाही आणि ते विचारण्याची माझी प्राज्ञा नाही. मी मेलो तर पुस्तकातला तो फोटो तिला द्यावा. माझा तो एकच फोटो आहे ज्यात मी रागावलेला दिसत नाही.

कलम ७. जवळा बाजारच्या शिवारातला हळदीचा तुकडा, विहिरीच्या हिश्शासह, माझ्या मुंजीत आईच्या आईने माझ्या नावे करून दिला. तो कोणाचा वडिलोपार्जित नाही, सर्वस्वी माझा आहे. तो मी कु. अनुसूया बंडोपंत सेलूकर हिला देतो. ज्याला द्यायचे त्याचे आपल्याशी नाते लिहावे लागते, असे बंडोपंत म्हणतात. म्हणून लिहितो: नाते ______________.

ही जागा मी मुद्दाम मोकळी ठेवली आहे. ती कशी भरावी हे बंडोपंतांच्या आणि तिच्या हातात आहे. परभणीचे पाहुणे बी. ए. आहेत, कचेरीत आहेत, पंख्याखाली बसतात, असे ऐकतो. त्यांच्याविरुद्ध मला काही म्हणायचे नाही. मी म्हणणार होतो, ते खोडले. माझ्याकडे पदवी नाही. हळदीचा तुकडा आहे, खांदा आहे, आणि इंजिनाप्रमाणे बाजूला उभे केल्यास थंड होण्याची तयारी आहे. कॉलेज मी सोडले, पण पैनगंगेच्या वाळूत तुमचा जावई म्हणून ढकलीन की शेजारचे पोरगे म्हणून ढकलीन, गाडी मी मध्येच सोडणार नाही. तोंडी हे मी तीन वेळा बोलायला आलो आणि तीन वेळा पेट्रोलचा डबा उचलून बाहेर गेलो.

कलम ८. आम्ही दोघेही परतलो नाही तर कॅमेरा कोणी उघडून पाहू नये, उजेड शिरून सगळे जाईल. मागच्या लाल खिडकीला कापड बांधून तो तसाच अनुसूयाकडे द्यावा. रोल आधी धुवावा, रडणे मागाहून करावे. काकूंना सरोवर दाखवायचे कबूल केलेले आहे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. खाडाखोड एकाच ठिकाणी, पाहुण्यांच्या ओळीत, आहे. आता हा कागद मी बंडोपंतांच्या हातात देतो आणि उत्तर येईपर्यंत गोठ्यात फटफटीच्या चाकात हवा भरतो. दुसऱ्या साक्षीदाराची जागा गुलाबसिंगासाठी खाली सोडली आहे.

मुक्काम हिंगोली, बंडोपंत वकिलांची ओसरी.
मिती पौष वद्य तृतीया, शके १८५९.

सही: नागनाथ नरहर औंढेकर

साक्षीदार पहिला: बंडोपंत सेलूकर, वकील. कागद दोनदा वाचला. लिहून देणाऱ्यास गोठ्यातून बोलावून त्याची सही दोन्ही साक्षीदारांसमोर घेतली. त्याने पुढच्या चाकात हवा प्रमाणाबाहेर भरली होती, ती कमी केली. गुलाबसिंग येण्याआधीच माझ्या मुलीने हा कागद मागून घेतला, उभ्याने वाचला आणि दौत स्वतःकडे ओढली. साक्ष केलीस तर जमीन, फोटो, सगळं बुडेल, असे मी तिला वकील म्हणून सांगितले. ती म्हणाली, "ठाऊक आहे बाबा. मसुदे मीच उतरवते ना." गुलाबसिंगाची सही आता लागत नाही, सबब वस्तरा त्याला देण्यास हरकत नाही. येऊ नका म्हणून परभणीच्या पाहुण्यांना आजच्या टपालाने कळवतो. कलम सातमधली मोकळी जागा लोणारहून परतल्यावर, नानांना बोलावून, भरावी.

साक्षीदार दुसरी: अनुसूया बंडोपंत सेलूकर, वय अठरा. या कागदाने मला काहीही मिळू नये म्हणून मी राजीखुशीने सही करते.