शीलूचा हेडसेट मी निवडणार

६ ऑक्टोबर
आजपासून रोज लिहायचं. विषय महत्त्वाचा आहे, नोंदी हव्यात.
शीलूला पायलटच्या ट्रेनिंगची सीट मिळाली. पंचशीला हे नाव आता विमानाच्या कागदांवर येणार. फी सरकारी शिष्यवृत्तीतून, राहणं-खाणं विदर्भातल्या फ्लाइंग क्लबच्या होस्टेलवर. ३ नोव्हेंबरला हजर व्हायचं. यादीतली एकच मोठी वस्तू घरून न्यायची आहे : हेडसेट. इंजिनाचा आवाज बाहेर ठेवायचा आणि शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्या सरांचं, विमानतळाच्या टॉवरचं बोलणं कानात पोचवायचं, हे त्याचं काम.
शीलू म्हणाली, बेव्हर्ली पार्कमधला सूरजदादा को-पायलट आहे, त्याला विचारते. मी म्हटलं, काही गरज नाही. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात प्रेस खात्याचा सुपरवायझर होतो, एकतीस वर्षं. आवाज हा माझा विषय. हेडसेट मी निवडणार, विषय संपला. इंदू शीलूकडे बघून काहीतरी बोलली. दोघी हसल्या. आनंद आहे घरात.
मुलगी विमान चालवणार आणि आपल्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण वर गेल्यावर तिच्या डोक्यावर एक वस्तू बापाने निवडलेली असेल. हे कोणाला बोललो नाही, इथेच लिहितो.
निश्चय : दहा दिवसांत हेडसेट घरात.

७ ऑक्टोबर
केबिन रोड पालथा घातला. मोबाइलचं सामान विकणाऱ्या चंदनच्या दुकानात नॉइज कॅन्सलिंग असं लिहिलेले बारा डबे निघाले. पायलटला चालेल का विचारलं तर म्हणाला, अंकल, ये तो गाना सुनने का है, आपको प्लेन का चाहिए तो इधर क्यूं आये. हे त्याने तीनदा सांगितलं तेव्हा समजलं. हल्लीची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात. धंदा कसा करतात देव जाणे.

१० ऑक्टोबर, दुपार
यूट्यूबवर सतरा व्हिडिओ पाहिले. ज्ञान झालं.
प्रकार दोन. एक साधा : जाड फोम, कानांवर घट्ट दाबून बसतो. दुसरा सेलवाला : आत बारीक माइक असतो, तो बाहेरचा आवाज ऐकतो आणि त्याच्या उलट आवाज काढून त्याला मारतो म्हणे. किंमत चौपट. आवाजाने आवाज मरत असता तर आमच्या खात्यात चाळीस प्रेस होत्या, त्यांनी एकमेकींना मारून कारखान्यात केव्हाच शांतता केली असती. मला कोणी शिकवू नये.
वरच्या मजल्यावरच्या सुगंधाबाई खाली आल्या, व्हिडिओचा आवाज कमी करा म्हणून. बाई फार नाजूक. मी मुळात कमीच ठेवला होता, कारण व्हिडिओवाला पुटपुटत होता.

१४ ऑक्टोबर
शीलूची मेडिकल, अंधेरीला. डोळे, हृदय, कान, सगळं झकास. कान तपासायला काचेच्या खोलीत बसवतात, हेडफोन लावतात, टूं वाजलं की बटण दाबायचं. शीलूने फटाफट दाबलं. तिथली मुलगी म्हणाली, काका तुम्हीपण बसा, पाच मिनिटांचं काम आहे. बसलो. माझे गुण शीलूपेक्षा जास्त येणार याची खात्री होती.
मी आत बसलोच आहे, बसलोच आहे. मशीन काही सुरू होईना. दोन-तीनदा काहीतरी वाजल्यासारखं वाटलं, ते दाबलं. शेवटी ती मुलगी आली आणि म्हणाली, झालं. म्हटलं, सुरू कधी झालं? तिने एक कागद दिला आणि डॉक्टरांना दाखवा म्हणाली. यांचं ठरलेलं असतं, पेशंट एकमेकांकडे पाठवायचे. कागद कपाटात टाकला. शीलू घरी येईपर्यंत गप्प होती. मेडिकलचा ताण असणार.

१७ ऑक्टोबर
दहा दिवस होऊन गेले. हेडसेट नाही. पण पाया पक्का झालाय.

२० ऑक्टोबर
जुहूला विमानतळाजवळ पायलटच्या सामानाचं एक दुकान आहे. तिथून साधा आणला, आठ दिवसांत परत करायच्या बोलीवर. शीलूने परस्पर सूरजला सांगितलं होतं, तो संध्याकाळी त्याचा जुना सेलवाला देऊन गेला. म्हणाला, काका, नवा घेतल्यापासून हा पडूनच आहे, दोन्ही ट्राय करून बघा. मुलगा चांगला आहे, फक्त नको तिथे नाक खुपसतो.
आता शास्त्रशुद्ध चाचणी करायची. प्रश्न एवढाच की विमान कुठून आणायचं.

२२ ऑक्टोबर
सुचलं. खाडीकाठच्या मुर्धा गावचा महिपत. कारखान्यात माझ्या हाताखाली होता, आता भावाची होडी चालवतो. होडीचं डिझेल इंजिन आणि लहान विमानाचं इंजिन, फरक असून असून किती असणार?
सकाळी भरतीला निघालो. खाडीच्या मध्यावर महिपतने इंजिन पूर्ण जोरात सोडलं. मी साधा घातला. शांत. काढून सेलवाला घातला. शांत. दोन्हींत तसूभर फरक नाही. खरं सांगायचं तर दोन्ही काढल्यावरही आवाज फार वाढला नाही. धडधड होती ती फळ्यांतून तळपायाला लागत होती, तिला हेडसेट काय करणार? हल्ली इंजिनंही सुधारलीत.
दुसरं मत म्हणून महिपतच्या कानांवर चढवले. साधा घातल्यावर तो काही बोलला नाही. सेलवाल्याचं बटण दाबलं तर घाबरला. म्हणाला, कोंडिराम, इंजन बंद पडला काय रं, मना काय ऐकाला येत न्हाय. आणि वाकून इंजिनावर हात ठेवून बघायला लागला. तेवढ्यात होडी जाळ्याच्या खांबाला घासली. किनाऱ्यावरून चंपावहिनी, त्याची बायको, हातवारे करून ओरडत होती. काय ते पोचलं नाही, पण कौतुक नसावं.
महिपत भोळा आहे. त्याचं मत धरलं नाही.

२५ ऑक्टोबर
शीलूने मिक्सर लावून दोन्ही घालून पाहिले. मग माझ्यासमोर बसली आणि अगदी स्पष्ट म्हणाली, पप्पा, मला सेलवाला बरा वाटतोय, सूरजदादा तसाच देतोय, तोच नेऊ का? मी तिला शांतपणे समजावलं. एक : सेल आभाळात संपला तर? दोन : दुसऱ्याची वापरलेली वस्तू. तीन : मुर्ध्याच्या चाचणीचा निकाल. चाळीस मिनिटं लागली. शेवटी म्हणाली, ठीक आहे पप्पा, तुम्ही म्हणाल तो.
साधा पक्का. इंदू भांडी जरा आपटतेय असं वाटलं.

२८ ऑक्टोबर
एक जुनी काळजी. शीलूचं बोलणं हळू. पायलटला हे चालणार नाही, टॉवर किती लांब असतो. आज गच्चीवर सराव घेतला. ती पाण्याच्या टाकीपाशी, मी जिन्याच्या दाराशी. हेडसेट लावून म्हण, मुंबई टॉवर. पोचलं नाही. पुन्हा. पोचलं नाही. पाचव्यांदा पोचलं, आणि समोरच्या बिल्डिंगमधली माणसंही गॅलरीत आली. रोज अर्धा तास घ्यायचा.

३ नोव्हेंबर
शीलू गेली. स्टेशनवर पाया पडली, जय भीम पप्पा म्हणाली. हेडसेट पाठीवरच्या बॅगेत, वरच ठेवलेला. मी हात लावून खात्री केली.
घर मोठं झालंय. भाकरी दोन जास्त झाल्या.

११ नोव्हेंबर
फोन आला. स्पीकरवर टाकूनही तिकडची लाइन खराब. हेडसेट कसा आहे विचारलं. चांगला आहे, म्हणाली. पुढचं काही कळलं नाही. मग इंदूने फोन घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन वीस मिनिटं बोलली. तिकडे लाइन बरी लागते वाटतं.

१९ नोव्हेंबर
फोन. तेच.

४ डिसेंबर
वाईट बातमी. इंदूने जेवायला वाढता वाढता सांगितली. शीलूची सोलो पुढे गेली. सोलो म्हणजे सर उतरतात आणि विद्यार्थी पहिल्यांदा एकटा विमान वर नेतो, एक फेरी मारून उतरवतो. बरोबरच्या चौघांची झाली.
कारण, वर गेल्यावर सर बोलतात ते तिला नीट ऐकू येत नाही. दोनदा त्यांनी वळ म्हणून सांगितलं, ती सरळच गेली. दुसऱ्यांदा त्यांनी विमान स्वतःच्या हातात घेतलं. असंच चाललं तर सोलोच्या यादीच्या फळ्यावरचं नाव खाली जाईल, असं म्हणालेत. पोर रात्री रडते.
मी म्हटलं, सर पुटपुटत असणार. इंदूने भाकरी ताटात टाकली. मग म्हणाली, आणखी एक आहे. सरांनी तिला विचारलं, रेडिओवर एवढी ओरडतेस का? सगळ्यांचे कान बसतात. तर शीलूने सांगितलं, आमच्या घरी असंच बोलतात सर, लहानपणापासून सवय आहे, कारण पप्पांना…
इंदू तिथे थांबली. पप्पांना काय, म्हटलं. ती कुकर लावायला उठली. आम्ही जेवत होतो, कुकर कशाला लावायचा होता कोण जाणे.

५ डिसेंबर
सरांना पत्र लिहिलं : कृपया विद्यार्थ्यांशी स्पष्ट बोलावे. फाडलं. पुन्हा लिहिलं, जास्त नम्र. तेही फाडलं. शीलूला त्रास नको. उद्या तिकडे जाऊन समक्ष भेटावं का? जाऊन काय करणार? मी कोण आहे तिथे?

१५ डिसेंबर
पार्सल. आत साधा हेडसेट, मूळ डब्यात, पट्ट्यासकट. आणि शीलूची चिठ्ठी. पप्पा, हा चांगला आहे, पण मला सर ऐकू येत नव्हते. सूरजदादाचा आला, त्यात येतात. रागावू नका.
म्हणजे सूरजचा हेडसेट आठवड्यापूर्वीच गेला. पाठवला कोणी? इंदूने. सुगंधाबाईंना बरोबर घेऊन कुरिअर केला, मी बँकेत गेलो होतो तेव्हा. मला एका शब्दाने विचारलं नाही. रागावून दुपारभर बोललो नाही. तिला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.
जुहूच्या दुकानाची मुदत कधीच गेली. हेडसेट आता आमचाच.

१६ डिसेंबर, सकाळी ११
इंदू बाजारात. हेडसेट घातला. आरामखुर्चीत बसलो. घरात काही फरक पडला नाही. यावरून आमचं घर शांत आहे असं सिद्ध होतं.
मग इंदू एकदम समोर उभी. केव्हा आली? तिने माझ्या डोक्यावरून हेडसेट काढला आणि म्हणाली, अहो, दार उघडा म्हणून खालून फोन केला, बेल वाजवली, शेवटी सुगंधाबाईंकडची चावी आणली. मी म्हटलं, हेडसेट उत्तम आहे याचा हा पुरावा.  ती पिशवी ठेवून तशीच उभी राहिली.

१६ डिसेंबर, दुपारी ४
इंदू झोपल्यावर स्वयंपाकघराचं दार लावून मिक्सर सुरू केला. हेडसेट घातला. काढला. घातला. काढला. भांड्यात पाणी गरगर फिरताना दिसत होतं.
मिक्सर बिघडलाय बहुतेक. दाखवला पाहिजे.
इंदू धावत आली. उठली होती.

१७ डिसेंबर ते २० जानेवारी
लिहिण्यासारखं काही नाही. कपाट आवरायला काढलं होतं, तसंच बंद केलं.

२३ जानेवारी
शीलूची सोलो झाली. सकाळी सव्वानऊला. एकटी वर गेली, फेरी मारली, उतरली. फोटो आला, मुलांनी तिच्या अंगावर बादलीभर पाणी ओतलंय, केस चिकटलेत, हसतेय. मान जराशी वर. माझी आई अशी मान वर करायची.
खाली मैदानावर सरांच्या रेडिओवर तिचा आवाज येत होता, तो एका मैत्रिणीने मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवला. सूरज पेढे घेऊन आला, सुगंधाबाई आल्या, महिपत आणि चंपावहिनी मुर्ध्याहून आले. सगळे पलंगावर दाटीवाटीने बसले आणि इंदूने रेकॉर्डिंग लावलं. सगळे मोबाइलकडे वाकले. चंपावहिनीने पदर डोळ्यांना लावला. सूरजने मूठ आवळली. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. म्हटलं, वा, एकदम क्लिअर.
सगळे गेल्यावर इंदूचा मोबाइल घेतला. आवाज पूर्ण वाढवला. कानाला लावला. दुसऱ्या कानाला लावला. साधा हेडसेट मोबाइलला जोडायला बघितला, त्याची पिन वेगळी. पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते, तेरा, चौदा, पंधरा, आणि बावीसला संपत होते. नऊ वेळा लावलं. माझी मुलगी आभाळात एकटी बोलतेय आणि मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. काहीही नाही.
इंदू शेजारी येऊन बसली. विचारलं, काय म्हणते गं? तिने तोंड माझ्या कानाशी आणलं. म्हणाली, इंग्रजी आहे, मला काय कळतंय. पण घाबरलेली नाही. हळू बोलतेय, अगदी हळू. मी तिची आई, पण मीही कधी तिला एवढं हळू बोलताना ऐकलं नव्हतं.
 मग मीच उठून कपाटातून तो अंधेरीचा कागद काढला आणि इंदूच्या हातात दिला. तिने वाचलाही नाही, नुसता घडी करून पर्समध्ये ठेवला. म्हणजे तिला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.
उद्या साडेदहाला कानाचे डॉक्टर. इंदू बरोबर येणार आहे. ते काय सांगतात ते ऐकायला कोणीतरी हवं.