मुठीवरची हळद

६ सप्टेंबर, शनिवार

झालं एकदाचं! पिस्तूल ओगावा-सानांच्या हातात पडलं.

आमच्या इचिकावाहून योकोहामापर्यंत थेट गाडी. पिस्तूल कुलपाच्या डब्यात, डबा सॅकमध्ये, सॅक मांडीवर. प्लास्टिकचे छरे मारणारं खेळण्यातलं आहे, जुन्या लष्करी पिस्तुलाची हुबेहूब नक्कल, परवाना लागत नाही, सगळं मान्य. तरी स्टेशनवर पोलीस दिसला की मी उगाच हसून दाखवत होते. चोराच्या वरताण.

दुकान कसलं, बाजाराच्या मागच्या गल्लीतलं गॅरेज. बोर्डही नाही. ओगावा-सान शहात्तर वर्षांचे, जन्म लेथवर गेला, आता अशी पिस्तुलं माणसाच्या हाताप्रमाणे करून देतात. नेमबाजीच्या रेंजवरचे लोक म्हणाले होते, जा, पण ते सगळ्यांना घेत नाहीत. मला दहा मिनिटं भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरून उभं केलं. हात भरून आला.

"बोट चापापर्यंत पोचत नाही."
"म्हणून तर आले."
"मूठ जाड आहे. तुम्ही मनगट वाकडं करून भागवताय."

सगळं सांगून टाकलं मग. कॉलेजात एन.सी.सी., राज्याचं मेडल, मग लग्न, नोकरी, जपान. तेवीस वर्षं हातात काही नाही. दोन वर्षांपूर्वी परत सुरुवात. २६ ऑक्टोबरला रेंजवर स्पर्धा, आयुष्यात परत एकदा नाव घातलंय, मला ती याच पिस्तुलाने मारायची आहे. ते म्हणाले, "तोवर होईल. पण मी सांगेन तसं."

होईल म्हणाले!!

१३ सप्टें., शनि.

चेरीच्या लाकडाची मूठ बसवून दिलीय. ओबडधोबड, कोरी, तेल नाही, पॉलिश नाही. रोज अर्धा तास धरायची. हात स्वच्छ धुवायचे, क्रीम लावायचं नाही. घामाचे डाग जिथे पडतील ते बघून ते कोरणार. काय पद्धत आहे! डागच माप.

आईंना (सासूबाई, ऑगस्टपासून आमच्याकडे, २ नोव्हेंबरला परत पुण्याला) हे पटलेलं नाही.
"घरात पिस्तूल? आणि ते धरून टीव्ही बघायचा?"
"अहो आई, खेळण्यातलं आहे."
"मग खेळण्याला सुतार कशाला लागतो?"

प्रसाद वर्तमानपत्राआड खदखदून हसत होता. नवरे कामाला येत नाहीत, हे परत एकदा सिद्ध.

२० सप्टें., शनि.

ओ-सानांनी भिंग लावून डाग बघितले. तळहाताखाली काळपट पट्टा, अंगठा वर सरळ, करंगळीची जागा जवळजवळ कोरी. पातळ कागद ठेवून पेन्सिलीने सगळं उतरवून घेतलं. मग पहिली कोरणी. पातळ पातळ साली निघत होत्या, जमिनीवर पडलेल्या ते उचलून परत बघायचे.

परत धरून पाहिलं तर बोट आपोआप चापावर! नाचायचीच बाकी होते. म्हटलं झालंच की. ते म्हणाले, अर्धं झालं. पिस्तुलाचा वरचा भाग निळसर काळा घासून दिलाय, देखणा दिसतो. आता पुन्हा दोन आठवडे धरायचं. ४ ऑक्टो.ला शेवटचे डाग बघून कोरणार, मग तेल. तेल वाळायला तीन आठवडे. बरोब्बर २६ला तयार. आणि आतल्या बाजूला त्यांचा शिक्का, तो ते मनासारखं झालं तरच मारतात.

२५ सप्टें.

रेंजवर १०० पैकी ८१. कोऱ्या मुठीवर! घरी येऊन आईंना सांगितलं. "बरं झालं," म्हणाल्या, आणि परत कोथिंबीर निवडायला लागल्या. पण रात्री प्र.ला विचारत होत्या म्हणे, एक्याऐंशी म्हणजे चांगले का रे?

१ ऑक्टो., बुध.

आज खंडेनवमी. मी ऑफिसात, डोक्यात सॉफ्टवेअरचं रिलीज, लक्षातही नाही. संध्याकाळी दार उघडलं तर हॉलमध्ये पाट मांडलेला. पाटावर विळी, चाकू, कात्री, प्र.चा लॅपटॉप, आणि मधोमध पिस्तूल. प्रत्येकाला हळदकुंकू, फूल, अक्षता. पिस्तुलावर सगळ्यात मोठं फूल.

"तुझं शस्त्र ना ते? मग त्याची पूजा नको?" इतक्या खुशीत म्हणाल्या. महिनाभर नाकं मुरडली आणि आज मधोमध मांडलं. माझे डोळे भरून आले खरे.

आणि मग मुठीकडे लक्ष गेलं. कोरं लाकूड, ओली हळद. बरोब्बर अंगठ्याच्या जागी पिवळाधमक टिळा, मध्ये लाल ठिपका. पुसला, गेला नाही. हसत "छान केलंत हो" म्हणाले.

२ ऑक्टो., गुरु. दसरा

घरून काम होतं. आई दुपारी पार्कात गेल्या तेव्हा लिंबू लावलं. भांड्याचा साबण लावला. पिवळं आणखी पसरलं. मग शंभर येनच्या दुकानातला सँडपेपर. घासघास घासलं. हळद फिकी झाली, कुंकू जवळजवळ गेलं. घामाचे डागही गेले. दोन आठवड्यांचे.

आतून तांदळाचा एक दाणा पण निघाला. हसू येईना.

संध्याकाळी श्रीखंड. गोड लागलं नाही.

४ ऑक्टो., शनि.

मूर्ख बाई आहे मी. ४६ वर्षांची मूर्ख बाई.

ओ-सानांनी मूठ हातात घेतली, वास घेतला. "लिंबू," म्हणाले. मी म्हटलं, जेवताना करी सांडली म्हणून पुसलं. का म्हटलं? पूजा समजावून सांगायची लाज वाटली. सासूबाईंची लाज वाटली, म्हणजे ज्यांनी फूल वाहिलं त्यांची. लिहिताना कान तापलेत.

त्यांनी बोट फिरवलं. "इथे सँडपेपर मारलाय."
"हो."
"करी सांडायला तुम्ही जेवताना पिस्तूल धरत नाही. तुम्ही हात धुऊन धरता. पहिल्या डागांवरून मला कळलं होतं."

पिस्तूल परत डब्यात घालून माझ्यापुढे सरकवलं. पुढची तारीख दिली नाही. वाकून नमस्कार केला, मीही केला, आणि स्टेशनपर्यंत रडत आले. २६ला आता तीन आठवडे.

५ ऑक्टो., रवि.

आईंनीच विचारलं. देवासमोर ठेवायला पिस्तूल मागितलं, मी आणून दिलं, त्यांनी चष्मा वर केला. "पुसलंस?"

हो म्हटलं. मग सगळंच सांगितलं: कोरं लाकूड, घामाचे डाग, सँडपेपर, करीची थाप. वाटलं, आता सुरू होणार. तर म्हणाल्या, "मला सांगितलं असतंस तर मी फूल नुसतं बाजूला ठेवलं असतं. मला काय ठाऊक, त्याला घाम हवाय ते." मग चष्मा खाली करत, "पुसलंस त्याचं वाईट वाटलं गं. ते लपवलंस त्याचं जास्त."

मी म्हटलं, मलाही. दोघी रडलो. प्र. चहा करून घेऊन आला, साखर विसरून. आणि त्याने त्याच्या लॅपटॉपवरचं कुंकू अजून पुसलेलं नाही! मीटिंगमध्ये सगळे विचारतात म्हणे, हा ऐटीत सांगतो. शिकण्यासारखं आहे, पण त्याला सांगणार नाही.

११ ऑक्टो., शनि.

आई म्हणाल्या, केलं मी, बोलेन मी. काही ऐकेनात. नऊवारी नाही, पण इरकली नेसून, चकल्यांचा डबा घेऊन योकोहामाला. फोन न करता गेलो. मी माफीचं जपानी मनात घोकत होते, आई खिडकीतून घरांवर वाळत घातलेल्या गाद्या मोजत होत्या.

ओ-सान उठून उभे राहिले. आईंनी मराठीत सुरू केलं, मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसं. "मी हिची सासू. हळद मी लावली, अक्षताही मीच. आमच्यात शस्त्राला लावतात. ही खोटं बोलली ते हिचं चुकलं, पण ती घाबरली होती." मी भाषांतर करत होते. "खोटं बोलली" हेसुद्धा केलं. मान खाली घालून माफी मागितली.

त्यांनी हात वर करून भिंतीवरची फळी दाखवली. छोटं देवघर, त्यापुढे बशीत मीठ, बशीत तांदूळ. इतके दिवस मी बघितलंच नव्हतं. हत्यारांसाठी आहे, म्हणाले. "तांदूळ मीही ठेवतो. पण शेजारी."

"काय म्हणतात?"
"म्हणतात, तांदूळ वर नाही, शेजारी ठेवायचे."
"मग तसं आधी सांगायचं ना!"

हे मी भाषांतर केलं नाही, पण ते हसले. चकली खाल्ली. तीन खाल्ल्या.

मग कामाचं. हळद त्यांना चालते. घासलेलं चालत नाही, तिथे माझा हात काय म्हणत होता ते आता त्यांना कळणार नाही. अंदाजाने ते कोरत नाहीत. आणि तेलाला वेळ नाही. २६ला एकतर जुनी प्लास्टिकची मूठ, नाहीतर ही अर्धी, कोरी, पिवळी. "तुम्ही ठरवा." शिक्क्याचा विषय काढायचं धाडस झालं नाही.

१८ ऑक्टो., शनि.

कोरीवरच सराव. ७६, ७९, ७३. प्लास्टिकवर ८०. प्र. म्हणतो, प्लास्टिक घे. आकडे त्याच्या बाजूने आहेत. आई करंज्या तळत होत्या, मधेच म्हणाल्या, "अर्धी असली तरी तुझ्या हाताची आहे ना?"

कोरी घेणार. फॉर्मवर पिस्तुलाचा तपशील लिहून पाठवलाही.

२६ ऑक्टो., रवि.

दमलेय पण लिहिणारच.

दहा मीटर, कागदी लक्ष्य, दहा-दहाच्या तीन फैरी. आईंना बजावलं होतं, टाळ्या नाहीत. पहिली फैर ७१. दुसरी ७४. अंगठा वर, सरळ, कॉलेजात सरांनी पट्टी मारून शिकवला तसा. हाताला घाम, लाकूड ओलं. मागे वळून पाहिलं तर आईंच्या शेजारी घडीच्या स्टुलावर ओ-सान! ते कधी येत नाहीत म्हणे. दोघं चकल्या खात होते. इतकं हसू आलं की भीती कुठच्या कुठे गेली.

तिसरी फैर कशी मारली ते आठवत नाही. ८९. एकोणनव्वद!! आईंनी टाळ्या वाजवल्याच. बत्तीस जणांत एकोणिसावी आले आणि मी पहिली आल्यासारखी उड्या मारत होते.

ओ-सानांनी लक्ष्याचा कागद बघितलाही नाही. मूठ मागितली. सप्टेंबरचा पेन्सिलीचा कागद खिशातून काढून तिच्यावर ठेवला. जुना अंगठा वर, सरळ. आजचा त्याच्या खाली, वाकडा, खाली पसरलेल्या हळदीच्या फिकट डागावर ओला ठसा. शेवटच्या फैरीत मी अंगठा सोडून दिला असणार.

"जागा दोन आहेत. एकीवर कोरलं की दुसरी जाते."
"बरोबर कुठली?"
"दोन्ही तुमच्याच. उद्यापर्यंत फोन करा. शिक्क्याचं कोरल्यावर बघू."

वर सरळ म्हणजे सर, मेडल, वीस वर्षांची मी. त्याच पकडीसाठी तर हा सगळा खटाटोप सुरू केला होता. खालचा कुणी शिकवलेला नाही. आणि एकाच फैरीचा आहे.

२७ ऑक्टो., सोम.

दिवसभर मीटिंगांत हाताकडे बघत होते. ऑफिसातल्या तनाका-सानने विचारलं, दुखतंय का?

संध्याकाळी आई बॅग भरत बसल्या होत्या. "ठरलं?" नाही म्हटलं. साडीची घडी घालत म्हणाल्या, "लग्नानंतर वर्षभर मी माझ्या आईसारखीच पोळी लाटत होते, चोरून. सासरची पद्धत वेगळी होती."
"मग?"
"मग काय. आता तिची कुठली, सासरची कुठली आणि माझी कुठली, काही आठवत नाही. खाता ना तुम्ही?"

त्यांच्यासमोरच फोन लावला. दोनदा वाजला आणि उचलला. ओ-सानांनी नमस्कार-चमत्कार काही नाही, एवढंच विचारलं, "कुठला अंगठा?"

मी म्हटलं, "एक मिनिट थांबा हं," आणि तेही चक्क मराठीत.