शेवट कसा वाटला?

४ फेब्रुवारी

आज पुन्हा थिएटरच्या दारात! पदवी मिळाली तेव्हा बाबा गल्लीभर सांगत सुटले होते – आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, आता मोठं काम करणार. मोठं काम म्हणजे हे: खेळ सुटला की लोकांना अडवायचं, "कसा वाटला सिनेमा?" विचारायचं आणि त्यांची मतं ऑफिसात कळवायची. घरी मी याला "संशोधन" म्हणते.

डाव्या दाराला मी, उजव्याला दीडशहाणा. हे नाव मी ठेवलंय, त्याला माहीत नाही. तो रोज माझ्यासाठी चहा धरून ठेवतो. तेही कोणाला माहीत नाही.

सिनेमा असा – ऑफिसात एकच खुर्ची, तिच्यासाठी तो आणि ती हमरीतुमरीवर येतात. सिनेमाभर ती त्याला पुरून उरते. आणि शेवटी प्रेमापोटी मुद्दाम हरते! आत टाळ्या. बाहेर मी दातओठ खात उभी.

५ फेब्रुवारी

साहेबांनी दोघांना बोलावलं. "हिच्या दारातून येणारा प्रत्येक माणूस शेवटावर चिडलेला. याच्या दारातून येणारे डोळे पुसतायत. सिनेमा एकच लावलाय ना रे तिथे?"

दीडशहाणा हळूच म्हणाला, "अगं, तू विचारतेस कसं ते सांग की."

सांगितलं. "एवढ्या हुशार बाईने असं मुद्दाम हरावं, हे पटलं तुम्हाला?" – असं विचारते. तेही भुवया उंचावून. कोणाची छाती आहे "हो" म्हणायची! काल एक काका "चुकलंच हो तिचं, ताई" म्हणत बायकोचा हात धरून पळालेच.

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, आपल्याकडे एकच जागा कायम होणार आहे. रविवारी दोघं उभे राहा. जो लोकांना मोकळेपणी बोलतं करेल, त्याची जागा.

एक खुर्ची. तो आणि मी. नशिबाला दुसरी गोष्ट सुचत नाही वाटतं!

७ फेब्रुवारी

आईला सिनेमा दाखवला. तिचं मत – "बरा होता की. पण दोघं दिवसभर ऑफिसात भांडतात, मग स्वयंपाक कोण करतं?"

घरी येईपर्यंत तिला समानता समजावली. मग तिने पोळ्या लाटल्या आणि मी ओट्याला टेकून उरलेली समानता समजावली. शेवटी म्हणाली, "बाई गं, तू लोकांना विचारतेस की झापतेस?"

९ फेब्रुवारी

जीभ दाताखाली धरून उभी राहिले. फक्त "कसा वाटला?" एवढंच. आणि लोक बोलले! एका आजीने नवऱ्याला तिथेच धरलं, "तुम्ही हरला असता का हो माझ्यासाठी?" आजोबा म्हणाले, "लग्न झाल्यापासून दुसरं काय करतोय?" ऑफिसात हे ऐकून साहेब पोट धरून हसले.

दीडशहाण्याकडे मात्र काहीच नाही. "आज कोणी बोललंच नाही," म्हणाला.

जागा माझी!! बाबा चप्पल न घालताच गल्लीत सांगायला धावले.

१० फेब्रुवारी

तिकिटं फाडणाऱ्या मावशी आज सहज म्हणाल्या, "तुमच्या त्या जोडीदाराने काल कोणाला विचारलंच नाही बरं का. खिशात हात घालून पोस्टर बघत होता."

इथे खरं लिहिते. आधी मला आनंद झाला. गालातल्या गालात हसलेही, शहाण्या बाईला शोभू नये इतकं. तत्त्वं वगैरे चहाच्या दुसऱ्या घोटाला आठवली.

मग त्याला गाठलं. "तुला हरायला कोणी सांगितलं होतं?"

"तुला तो शेवट आवडत नव्हता ना? म्हणून उलटा केला."

"उलटा केला तरी तोच शेवट आहे, दीडशहाण्या!" – तोंडातून गेलंच. त्याला नाव कळलं. हसला मेला.

तशीच साहेबांकडे गेले. म्हटलं, पुन्हा परीक्षा घ्या, आणि हा नीट उभा राहील असं बघा.

आई: "मिळालेली खुर्ची परत करून आलीस?"  बाबा बाहेरच जात नाहीत – गल्लीत आता काय सांगणार?

१५ फेब्रुवारी

उद्या परीक्षा. भुवयांचा आरशासमोर सराव केला. एक तरी आपोआप वर जातेच.

१६ फेब्रुवारी

हरले. खरोखर. एका गृहस्थांनी "बायकांनी थोडं नमतं घ्यावंच" म्हटलं आणि मी त्यांच्याशी रिक्षापर्यंत वाद घालत गेले. तोवर तिकडे दीडशहाण्याभोवती गर्दी. जागा त्याची.

बाबांना सांगितलं. त्यांनी पायातली चप्पल काढून ठेवली. मग म्हणाले, "वादात तरी जिंकलीस का?"

१७ फेब्रुवारी

आज चहा मी धरून ठेवला. तो आल्यावर प्रश्न साधा विचारला, दोन्ही भुवया जागेवर ठेवून – "माझ्याशी लग्न करशील?" उत्तर बोलणाऱ्याच्या शब्दांत कळवायचं, असा आमच्याकडे नियम आहे. तर – "हो. अगं हो! चहा सांडतेयस!"