आबांचं पाचवं काडतूस

तीर्थरूप आर्व्होआजोबांना,

तुमच्या तायमीचा, गारठून अजून नीट न वळणाऱ्या बोटांनी, नमस्कार. ॲरिझोनाच्या उन्हात गुडघे कसे आहेत? डोळ्यांचं ऑपरेशन झालं का? दिसतं का आता बारीकसारीक? (या चौकशीत माझा थोडा स्वार्थ आहे, तो पुढे कळेलच.) इकडे सगळे खुशाल आहेत. निदान हे लिहीपर्यंत तरी आहेत.

हरणांचा सीझन काल सुरू झाला आणि मी जंगलातल्या आपल्या लाकडी कॅम्पवरूनच लिहिते आहे. बाबा आणि ऑनीकाका दुपारच्या साउनात वाफ घेत बसलेत, म्हणजे मला अर्धा तास आहे. हे सगळं माझ्या तोंडामुळे झालं. आपल्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिली, आणि हे मी कुणाला विसरू देत नाही, असं काका म्हणतो. जंगलशास्त्राची पदवी घेऊन आले त्याच रविवारी जेवताना मी सांगून टाकलं, की जो मांस खातो त्यानं मारण्याची जबाबदारीही स्वतः उचलावी. (मला ते अजूनही पटतं. फक्त आता हळू आवाजात पटतं.) बाबा म्हणाले, "बरं." दिवसाला त्यांचे सातेक शब्द असतात, त्यातला एक त्यांनी माझ्यावर खर्च केला, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

काल त्यांनी माझ्या हातात आबांची बंदूक दिली. तीच, तुम्ही दोघा भावांनी खाणीच्या वर्कशॉपमध्ये काडतुसाचं घर नव्यानं कोरलेली. नळीवर कंपनीचा आकडा एक आणि आत बसतं ते काडतूस भलतंच, जे कुठल्याही दुकानात मिळत नाही. आबांनी हातानं भरलेली फक्त पाच उरली होती, लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेली. (त्यामुळे माझा सराव काकाच्या बंदुकीवर झाला.) बाबांनी ती एकेक करून माझ्या तळव्यावर ठेवली. "आबांची शेवटची. जप."

मचाणावर उजाडेपर्यंत मी कशाकशाला घाबरले ते लिहीत नाही. एक खार होती, एवढंच सांगते. मग तो नर आला. शिंगांना आठ टोकं. मी त्याला घाबरले नाही, पण तो मला घाबरत नव्हता, याची भीती वाटली. मी बंदूक उचलली आणि लिव्हर ओढत ओढत धडाधड पाच गोळ्या झाडल्या. त्यानं माझ्याकडे बघत देवदाराची एक डहाळी चावून खाल्ली आणि सावकाश निघून गेला.

काका आला. "काय गं, आवाज कसा नाही आला?"

"पाच झाडल्या मी! पाच!"

"भलतीच सभ्य बंदूक दिसते. तोंडावर हात धरून खोकते." मग त्यानं खाली बर्फात बोट दाखवलं. काडतुसं पडली होती, गोळ्यांसकट, अगदी धडधाकट. "अगं पदवीधर, काडतुसं आत-बाहेर करणारा लिव्हर तेवढा तू ओढलास. चाप कोण ओढणार होतं? तुझे प्राध्यापक?"

नेम चुकला की सदऱ्याचा मागचा तुकडा कापून कॅम्पच्या भिंतीला ठोकायचा, हा आपला नियम. जो चाप ओढायलाच विसरला त्याचा नेम चुकला म्हणायचा की नाही, यावर काकानं खिम्याच्या दोन पास्ट्या संपेपर्यंत वाद घातला. बाबा म्हणाले, "काप." माझा लाल चौकड्यांचा तुकडा आता स्टोव्हच्या वर आहे.

पण भीतीची गोष्ट वेगळीच आहे. बर्फात मला चारच काडतुसं मिळाली. जेवताना बाबांनी विचारलं, "पाचही?" आणि मी, जबाबदारीवर भाषण देणारी, "हो" म्हणाले. आज सकाळभर स्वयंपाकाची चाळणी घेऊन गुडघ्यांवर बर्फ चाळत होते. बंदूक कव्हरात घालून माझ्या कॉटखाली सरकवली आहे, तिच्याकडे बघून बाबांना काडतुसं मोजायची आठवण होऊ नये म्हणून. आबांच्या हातचं आता काहीच नवं होणार नाही, आजोबा. त्यातलं एक मी घालवलं.

तुमची नात,
तायमी

ता. क. — काडतूस भरायचे साचे तुमच्याकडेच आहेत. अगदी आबांसारखं एक करून ख्रिसमसला येताना आणाल का? (टपालानं पाठवू नका, तो गुन्हा आहे. बाबांना सांगू नका, तो माझ्यावर उपकार आहे.)

ता. क. २ — नीट वर्णन कळवावं म्हणून सगळं पुन्हा आठवत होते. लिव्हर पाचदा ओढला. पहिल्या वेळी काडतूस नळीत जातं, बाहेर काहीच पडत नाही. म्हणजे बाहेर चार. आजोबा, पाचवं बंदुकीतच आहे! घोडा ताणलेला! काल ती हातात धरून मी बाबांच्या मागे दोन मैल चालले. आत्ता तिचं तोंड काकाच्या कॉटकडे आहे. अक्षराला माफ करा. जाते.

ता. क. ३ — तोंड बाहेर, बर्फाकडे धरून उघडली. रिकामी. मी पायरीवरच बसले. बाबा साउनातून वाफाळत आले, फळीवरचा डबा उतरवला आणि त्यातलं काडतूस माझ्यापुढे ठेवलं.

"काल दारात काढलं. तू बूट सोडत होतीस."

"मग सांगितलं का नाही? मी सकाळभर चाळणी घेऊन—"

"पाचपर्यंत मोजशील वाटलं." मग ते कॉफी ओतायला लागले. "दोन मैल," एवढंच म्हणाले. कप भरून सांडला तरी ते ओतत राहिले.

तेव्हा नवं काडतूस करू नका. साचे मात्र आणा, मला शिकायचं आहे. उद्या पहाटे पुन्हा मचाणावर जायचं आहे. बाबा मला एकच काडतूस देणार आहेत, आणि या वेळी पुढे मी चालणार आहे.