तुझ्या उंचीचा पास

संत तुकाराम नगर,
बुधवार, दुपार

प्रिय विजू,

पत्र बघून आधी हसशील. हातात मोबाइल असताना या बाईला काय झालं, म्हणशील. अगं, पप्पा नाइट करून आलेत आणि पुढच्या खोलीत झोपलेत. आमच्या दोनच खोल्या, त्यात माझा आवाज तुला माहीत आहे. गॅलरीत जाऊन बोलावं तर शेजारच्या काकू कपडे वाळत घालायच्या निमित्ताने सगळं ऐकतात. आणि खरं सांगू का, हे मला फोनवर बोलताच येणार नाही. तू मध्येच काहीतरी म्हणशील, मी हसून टाकीन आणि विषय तिथेच राहील. म्हणून लिहिते. पप्पा संध्याकाळी परत कामावर निघतील तेव्हा त्यांच्याकडे देते. त्यांच्या कंपनीची बस चाकणला तुझ्या मावशीच्या गल्लीच्या तोंडाशीच थांबते.

शनिवारी आपल्या कॉलेजची बास्केटबॉलची फायनल आहे हे तुला कळलंच असेल. स्वप्नालीने टीमच्या ग्रुपवर फोटोंचा नुसता पाऊस पाडलाय. मला मात्र सोमवारपासून जेवण जात नाही. डबा तसाच परत येतो. आईला वाटतं मॅचचं टेन्शन. मॅचचं आहेच, पण त्याहून जास्त तुझ्या गुडघ्याचं आहे. तुझा गुडघा, शनिवार आणि मी, या तिघांचं एकत्र काय करायचं ते सुचत नाही. थांब, पहिल्यापासून सांगते, नाहीतर माझं नेहमीसारखं अर्धं इकडे अर्धं तिकडे होईल.

तू चाकणला गेल्यावरची पहिली मॅच आम्ही हरलो एवढंच मी तुला कळवलं होतं. कसे हरलो ते सांगितलं नव्हतं. विजू, आमचे हात तुलाच पास देत होते. भाग्यश्रीच्या हातात बॉल आला की तो सरळ वर, रिंगच्या डाव्या बाजूला, जिथे तुझा हात असायचा तिथे. आणि तिथे उभी कोण, तर मी. पाच फूट तीन इंच, अंबाडा धरून पाच चार. बॉल माझ्या डोक्यावरून गेला तो कडेला बसलेल्या एका काकांच्या चहाच्या कपावर. एकदा झालं असतं तर ठीक होतं. भाग्यश्री दर वेळी सॉरी म्हणायची आणि पुन्हा तिथेच टाकायची. दोन वर्षं विजूला वर टाका आणि मोकळे व्हा, हीच आमची सवय. मला तर मैदानात उभं राहायचीही सवय नव्हती. तू दमलीस तर उतरणारी मी, आणि तू कधी दमायचीच नाहीस. समोरच्या मुलींपैकी एकीने विचारलं, शाळेची मॅच उद्या आहे ना.

दुसऱ्या दिवशी सुहासिनी मॅडम ग्राउंडवर आल्या त्या प्लास्टिकची खुर्ची आणि जाळी काढायचा लांब झाडू घेऊन. आम्हाला वाटलं, शिक्षा म्हणून सफाई करायला लावतात. तर त्या रिंगखाली खुर्चीवर चढल्या, झाडू वर धरला आणि म्हणाल्या, ही समोरची लंबू सेंटर, आता हिच्यावरून टाका बॉल. आमच्या केसांत जळमटं पडत होती आणि शिपाईकाका लांबून बघत होते. मग मॅडमनी वरचा पासच बंद केला. जी डोक्यावरून पास देईल तिने ग्राउंडला फेरी मारायची. भाग्यश्री पहिल्या आठवड्यात इतकी पळाली की तिची ट्रॅक पँट सैल झाली. सगळा खेळ खाली, कमरेएवढा, आपटून आणि पळत. आणि रिबाउंडला, रिंगवरून परत येणाऱ्या बॉलला, उडी मारायची नाही. हसू नकोस, खरंच नाही मारायची. समोरच्यांनी बास्केटला बॉल टाकला की आपण बॉलकडे बघायचंच नाही. आपल्या वाट्याची पोरगी शोधायची, तिच्याकडे पाठ करायची, गुडघे वाकवून तिच्या मांड्यांना टेकायचं आणि बॉल खाली पडेपर्यंत तिला पुढे येऊ द्यायचं नाही. मग आमच्यातली जी मोकळी असेल ती येऊन उचलते. मॅडम म्हणतात, उंच पोरीची उंची कमरेच्या वर असते, खाली सगळ्या सारख्याच.

विजू, मला हे जमलं. पळत येऊन टाकायचा लेअप अजून माझा दिव्यच आहे, फ्री थ्रो अजून रिंगलाही लागत नाही, पण माझ्यामागे कितीही लंबू मुलगी असू दे, ती बॉलपर्यंत पोचत नाही. ती डावीकडून येणार की उजवीकडून हे पाठीलाच कळतं. कोपरं खाऊन खाऊन बरगड्या काळ्यानिळ्या झाल्यात. आई हळद लावते आणि विचारते, हा बॉलचाच खेळ आहे ना गं. आणि आम्ही जिंकायला लागलो. आधी एक, मग सलग. लोक आता मुद्दाम बघायला येतात, या बुटक्या करतात तरी काय म्हणून. मॅडम मॅचआधी पाच नावं घेतात त्यात पहिलं नाव माझं असतं. मला ते फार आवडतं. तुझ्यापासून काय लपवायचं.

हे सगळं मागच्या महिन्यात तुला भेटायला आले तेव्हाच सांगायचं होतं. भोसरी सोडल्यापासून बस ट्रकांच्या मागे इतकी रखडली की मनातल्या मनात दोनदा सगळं बोलून झालं. आणि आल्यावर केसरमावशींनी भाकऱ्या वाढायला सुरुवात केली, बोलणं बाजूलाच राहिलं. बरं झालं बाई त्यांच्याकडे राहिलीस. रहाटणीतल्या तुमच्या घराचे तीन मजले, लिफ्टचा पत्ता नाही, ऑपरेशन झालेल्या पायाने कशी चढउतार केली असतीस. मावशींची तळमजल्यावरची खोली बरी, दारात ती एकच उंच पायरी. मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, पोरगी ऐकती व्हय माझं, गल्लीत पळायचं म्हनती, अजून डॉक्टर पळ म्हनला न्हाई. तू आतून ओरडून सांगितलंस की गुडघा एकदम टकाटक आहे. उशाशी पोलिस भरतीची पुस्तकं होती. डॉक्टर दिवाळीनंतर बघू म्हणालेत, मग तयारी, मग भरतीची धाव, असं सगळं तू बोटांवर मोजून दाखवलंस. मला किती बरं वाटलं होतं. जानेवारीत तू रिबाउंड घेऊन खाली आलीस तेव्हा गुडघ्यातून आलेला तो आवाज मी अजून विसरलेले नाही. कधीकधी ग्राउंडवर कोणी बाटली पाडली तरी मला तोच ऐकू येतो. निघताना तू दारापर्यंत सोडायला आलीस. वळणावरून मी हात केला, तूही केलास.

आता शनिवारचं. समोर त्यांची जी सेंटर आहे तिच्या खांद्याला माझं डोकं लागतं. नुसती लांब नाही, अंगानेही भक्कम आहे, आणि पाठ लावली तर वरून हात घालून बॉल काढते. सेमीफायनल संपल्यावर आम्ही थांबून तिची मॅच बघितली. स्वप्नाली शेंगदाणे खात होती ती खायची थांबली. मी घाबरलेय, विजू, अगदी सरळ सांगते. डोळे मिटले की ती मुलगी माझ्या पाठीवर येते. तू मैदानात असतीस तर मी निवांत पाण्याच्या बाटल्या भरत बसले असते. मॅडमनाही तेच वाटलं असणार. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिस संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. म्हणाल्या, विजयश्री बरी आहे म्हणते, नाव अजून टीममध्ये आहे, तिला बोलाव. पूर्ण मॅच नको, शेवटची काही मिनिटं रिंगखाली नुसती उभी राहिली तरी त्या मुलीला धाक बसेल. शिवाय युनिव्हर्सिटीच्या टीमसाठी निवड करणारे लोक येणार आहेत, तिचं शेवटचं वर्ष आहे, ती दिसायला तरी हवी. तू विचार, योगिनी, तुझं ती ऐकते. मॅडमचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तूच त्यांना फोनवर सांगितलं होतंस की मी ठणठणीत आहे. आणि मलाही किती व्हॉइस मेसेज पाठवलेस, मी तयार आहे, पण मी आपण होऊन विचारणार नाही, मॅडमनी बोलावलं तर उडत येईन.

मॅडमनी बोलावलं होतं, विजू, आणि मी तुला सांगितलं नाही. सोमवारी मी त्यांना म्हणाले, विचारलं तिला, ती नको म्हणाली, अजून भीती वाटते म्हणाली. मॅडम तिचं बरोबर आहे म्हणाल्या आणि खुर्चीवर चढून झाडू वर धरला. हे तुझ्या तोंडी घातलेलं वाक्य तुला माहीत असावं म्हणून हे पत्र. त्या दिवशी वळणावर हात केल्यानंतर मी गेले नव्हते. सँडलचा पट्टा सुटला म्हणून भिंतीशी थांबले होते. तू बादली आत न्यायला पायरी उतरलीस. दोन्ही हात भिंतीला लावून, आधी चांगला पाय, मग दुसरा पाय हाताने धरून खाली ठेवलास, आणि तिथेच डोळे मिटून उभी राहिलीस. मी बघितलं हे तुला कळू दिलं नाही, कारण तुला ते आवडलं नसतं. त्या पायावर तू शनिवारी उडी मारणार आणि मी बाकावर बसून तो आवाज पुन्हा ऐकणार, हे मला सहन होणार नव्हतं. पण हे एवढंच असतं तर मी जेवले असते. तू आलीस की पहिलं नाव परत तुझं होणार, हेही माझ्या मनात आलं होतं. आधी कुठलं आलं, गुडघा की नाव, हे मी तीन दिवस शोधतेय आणि मला खरंच सांगता येत नाही. एवढ्या महिन्यांत एकच गोष्ट शिकले, मागच्या उंच मुलीला बॉलपर्यंत पोचू द्यायचं नाही, आणि तीच तुझ्यावर वापरली. अजून शनिवार यायचाय. मॅडमचा नंबर तुझ्याकडे आहे. त्यांना फोन कर, योगिनी खोटं बोलली म्हणून सांग, मी नाही म्हणणार नाही. माझी जर्सी घडी घालून तुझ्या हातात देईन आणि बाटल्या भरीन. फक्त फोन लावायच्या आधी मावशींच्या दारातली ती पायरी एकदा उतरून बघ, आजूबाजूला कोणी नसताना, भिंतीला हात न लावता.

चिडलीस, बोलणं टाकलंस तरी तुझीच,
योगिनी