लांब नावांच्या बाया

नांदेड, रविवार

प्रिय सुगत,

सप्रेम जयभीम. पत्र बघून हसशील. फोनवर मी हा विषय काढला की तुला लगेच मीटिंग लागते, म्हणून कागद घेतला. कागद मध्येच कट करता येत नाही.

परवा लातूरला जाऊन आले. बाबांचा कम्प्युटर चादरीत गुंडाळून एसटीनं नेला, अख्खा रस्ता मांडीवर धरून. तिथं शिवलिंगअप्पा म्हणून एकजण गेलेल्या फायली काढून देतात. दोन तास खटपट करून म्हणाले, "ताई, हितल्या पुसून लई दिवस झाले. त्या जागेवर दुसरं बसलं. मूळ लॅपटॉप हाय का?" तो लॅपटॉप कुठं गेला हे तुला माहीत आहे.

अप्पांनी मला एका चहात समजावलं, जे तू एम.टेक. असून कधी समजावलं नाहीस. बाबांची पद्धत तुला ठाऊक आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं लोह्यापासून इस्लापूरपर्यंत फिरून त्यांनी त्रेसष्ट म्हाताऱ्यांची गाणी रेकॉर्ड केली. बाईचं नुसतं नाव लिहिणं त्यांना अपमान वाटतो. "भामाबाई म्हनलं तर कुठली, कोनाची?" म्हणून फोल्डरला नाव, नवरा, माहेर, सासर सगळं. आणि एखादी गेली की त्या दिवशी अंघोळ करून बसायचे आणि त्याच नावापुढं कालकथित, तारीख, लेकरांची नावं जोडायचे. ती त्यांची श्रद्धांजली. तू दिलेल्या जुन्या लॅपटॉपनं ती लांबलचक नावं मुकाट घेतली, पण क्लाउडला, म्हणजे तू जोडून दिलेल्या नेटवरच्या साठ्याला, नावाच्या लांबीची मर्यादा असते. शिवाय आपला काना, मात्रा, वेलांटी तो वेगवेगळी अक्षरं म्हणून मोजतो. नाव बदललं की क्लाउडनं जुन्या नावाचं फोल्डर काढून टाकलं आणि नवं घेतलंच नाही. इथल्या कम्प्युटरवर क्लाउडमधलंच उतरतं, त्यामुळं इथूनही गेलं. जिवंत बाया तेवढ्या राहिल्या. मेलेल्या बावीसजणी फक्त त्या लॅपटॉपवर उरल्या.

लॅपटॉपमध्ये त्या फोल्डरांवर लाल फुली यायची; क्लाउडवर गेलं नाही याची ती खूण, हे मला आता कळलं. मी तिचा फोटो काढून तुला पाठवला होता, एकदा नाही, तीनदा. तू लिहिलंस, "दुर्लक्ष कर, नेट स्लो असेल." मी मुकाट ऐकलं. आपल्या घरात मशीनचं तुला कळतं आणि चुलीचं मला, असं वाटून दिलेलंच आहे. दिवाळीत तू लॅपटॉप नेलास, बदल्यात देऊन नवा घेतलास. देण्याआधी सगळं पुसलंस. बाबांनी विचारलंही, "समदं हाय ना रे?" तू त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, क्लाउडवर आहे बाबा, आता घर जळालं तरी काही जात नाही. एकदा उघडून बघायला तुला पाच मिनिटं लागली असती.

मग आई जाऊन वर्ष झालं, त्याचं पुण्यानुमोदन. माणसं बसलेली, भंतेजींची वंदना झालेली. बाबा माइकवर म्हणाले, आता कोंडाबाईचं गाणं तिच्याच आवाजात ऐका. कम्प्युटरवर शोधत राहिले. त्या बावीसजणींत आईही होती आणि तिच्या फोल्डरचं नाव सगळ्यांत लांब होतं, कारण लेकरांच्या नावांत बाबांनी तुझी पदवीही लिहिली होती. पाहुणे चुळबुळ करायला लागले. तू मला आत ओढलंस आणि रडवेला होऊन म्हणालास, "ताई, तुझ्या हातून उडलं म्हण ना. तुझ्यावर ते चिडणार न्हाईत." मी बाहेर जाऊन तसं म्हणाले. तुझा चेहरा लहानपणीसारखा झाला होता, एवढंच आठवतं.

ते चिडले नाहीत, हे खरं आहे. ते माझ्याशी बोलायचेच थांबले. चहा घेतात, कप खाली ठेवतात, उठून जातात. कम्प्युटरच्या खोलीला कुलूप लावलंय, लातूरला न्यायचा म्हटल्यावर किल्ली शेजारच्या बुद्धप्रियाकडून पाठवली. सत्तराव्या वर्षी पिशवी घेऊन पुन्हा गावोगाव जातात आणि गेलेल्या बायांच्या सुनांना विचारतात, सासूचं एखादं गाणं येतं का. कोणाला येत नाही. तुझा फोन आला की मात्र त्यांचा आवाज फुलतो. मी भाजी चिरत ते ऐकते.

काल मला सहन झालं नाही. मी त्यांना सगळं खरं सांगितलं. लाल फुलीचे फोटो दाखवले, तुझे निरोप वाचून दाखवले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले, "चूक व्हतच असती मानसाच्या हातून. म्या माफ केलं व्हतं तुला. पन पोरी, भावावर ढकलू नको." सुगत, आईचा आवाज तू गमावलास, तो परत मागत नाही. तो कुठंच नाही. पण माझा शब्द या घरात खोटा ठरलाय आणि तुझाच तेवढा खरा धरला जातो. येत्या रविवारी ये. त्यांच्यासमोर बस आणि स्वतःच्या तोंडानं सांग.

तुझीच, पण आता गप्प न बसणारी,
लुंबिनीताई