राउंड झाल्याशिवाय गाडी नाही

१४ फेब्रुवारी, बुधवार
मामांना कुर्डुवाडीला मंगलअक्काकडे सोडून आलो. लेकीच्या घरी महिनाभर राहतील. शुक्रवारी डोळ्याचं ऑपरेशन. नंतर वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही. निघताना बागेकडे बघून एवढंच म्हणाले, "दत्तू, लाईन बघ रं."
होटगीला आयुष्यभर रेल्वेत कीमन होते. खांद्यावर हातोडा, हातात झेंड्या, आणि रोज मैलोन्मैल रूळ तपासत चालणं. मला शाळेसाठी त्यांनीच तिथं क्वार्टरमध्ये ठेवून घेतलं. आता ते आमच्याकडे. बागेतली छोटी विजेची आगगाडी त्यांनीच मांडली : पितळी पट्ट्यांचे रूळ, तुळशीपासून टाकीमागून कडुनिंबाला वळसा घालून परत. तिचाही रोज उजाडता राउंड. प्रत्येक सांधा ठोकून बघायचा, ढिला स्क्रू आवळायचा. मामांचा राउंड झाल्याशिवाय गाडी सुटत नाही. घरचा नियम.

१८ फेब्रुवारी, रविवार
टाकीमागे इंजिन आजही अडलं. करंट तिथवर पोचत नाही, सांध्यासांध्यात गळतो. ठरवलं. सगळे सांधे कथलाचा डाख देऊन पक्के करायचे, खाली सिमेंटचा पट्टा, रुळांखालचे लाकडी स्लीपर काढून प्लॅस्टिकचे. मामा परत येतील तेव्हा एकही सांधा ढिला नसेल. त्यांचं वाकणं कायमचं बंद.
सुमन म्हणाली, "अहो, त्यांना विचारलं का?" म्हटलं, आल्यावर बघतीलच की.

२५ फेब्रुवारी, रविवार
अर्धं काम झालं. पहाटे गार असतं तेव्हा बसतो, हात थरथरत नाही. पट्टीला पट्टी अगदी भिडवली, मध्ये केसाएवढीही फट नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं वायरी जोडून जे शिकलो ते इथं कामी आलं. मारुतीची कृपा.

१७ मार्च, रविवार
मामांना आणलं. दृष्टी छान आली. पाय मात्र महिनाभर बसून लटपटतात. काठी टेकत बागेत आले. गाडी सोडून दाखवली. कुठं न अडता पाच फेऱ्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.
वाकून सांध्यावरून बोट फिरवलं. मग दुसऱ्या. तिसऱ्या.
"झ्याक केलंस. काय कामच उरलं न्हाय की."
मला वाटलं शाबासकी.

१९ मार्च, मंगळवार
राउंड नाही. काल थकले असतील म्हटलं, आज पण नाही. हातोडा कोनाड्यात तसाच. चहा खाटेवर मागितला.

२६ मार्च, मंगळवार
पायांना सूज. डॉक्टर घरी येऊन गेले. म्हणाले, दुखणं काही नाही, पण या वयात पंधरा-वीस दिवस असेच पडून राहिले तर पाय उचलणार नाहीत, मग खाटेवरच सगळं. रोज अंगणात चालवा.
चालवायला गेलो. "कुटं चालू? भिताडापातूर? आन् तितं जाऊन करू काय?"
सु. स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. मामा झोपल्यावर हळू आवाजात म्हणाली, "अहो, तुम्ही त्यांची नोकरी काढून घेतलीत."
जाऊन देवापुढे बसलो.

९ एप्रिल, मंगळवार. पाडवा
गुढी उभारली. मामांना खुर्चीत बसवून दारात आणलं, नमस्कार केला त्यांनी. तिथून रूळ दिसतात. त्यांनी मान दुसरीकडे केली.
ऊन भयंकर. फरशीवर पाय ठरत नाही.

१० एप्रिल, बुधवार
दुपारी कॉलेजातून लवकर आलो. कडुनिंबाच्या वळणावर रूळ उचलला गेलाय. सिमेंटपासून सुटून, साप सरपटावा तसा वाकडा.
उन्हात उभा राहिलो. दरवर्षी मुलांसाठी कडी आणि गोळ्याचा प्रयोग मीच मांडतो. गार गोळा कडीतून जातो, तापवला की अडकतो. कपाटातून काढतो, पुसतो, परत ठेवतो. आणि थंडीत सगळे रूळ एकमेकांना चिकटवून बसलो. मामा माघात सांध्यात रुपयाच्या नाण्याएवढी फट ठेवायचे, उन्हाळ्यात पोस्टकार्डाएवढी. दरवर्षी बघत आलोय.
ओलं पोतं टाकलं, गार झाल्यावर दाबून बसवला, वर दोन विटा. मामांची खिडकी बंद होती. सांगितलं नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून. म्हणजे मला लाज वाटली म्हणून.

१३ एप्रिल, शनिवार
मारुतीला तेल, रुईची माळ. घरी येऊन विटा काढल्या, गाडी सोडून बघितली. वळणावर इंजिन कलंडलं, मोठा आवाज झाला.
आतून मामा : "पडली न्हवं?"
"नाही मामा, मीच उचलली."
हाताचा तेलाचा वास अजून गेला नव्हता.

१४ एप्रिल, रविवार
सकाळी पाय चेपत होतो. एकदम म्हणाले, "रूळ कवा उचलला?"
"कालच..."
"बुधवारी. खिडकीच्या फटीतनं बघितलं म्या. नवा डोळा हाय मला, इसरलास व्हय?"
मी पाय चेपत राहिलो.
"इटा ठेवल्यास. पोतं टाकलंस. दत्तू, रूळ वाकला तर कीमन काय करतो?"
शाळेतल्यासारखं उत्तर दिलं, "लाल झेंडी लावतो."
"पयली झेंडी. मग बाकी समदं. रूळ वाकतोय, त्यात गुन्हा न्हाय. झाकला तर मानसं मरत्यात."
मी विचारलं, मग चार दिवस तुम्ही का नाही बोललात?
भिंतीकडे तोंड केलं. "माझी लाईन हाय का ती आता?"

१५ एप्रिल, सोमवार
कामावर जाण्याआधी लाल झेंडी वळणावर रोवली. त्यांचीच, सु.च्या जुन्या ब्लाउजपीसची. खिडकी उघडी ठेवून गेलो.
आज उठवताना दोघं लागलो. पूर्वी एकटी सु. उठवायची.

१७ एप्रिल, बुधवार. रामनवमी
सुट्टी. करवत घेऊन बसलो. दर दुसऱ्या सांध्याला कापायचं, दोन पट्ट्या जोडणारी फिशप्लेट परत लावायची, करंटसाठी वरून वायरचा ढिला तुकडा, म्हणजे रूळ हलला तरी तुटणार नाही. बाराला जन्माचा पाळणा लाऊडस्पीकरवर चालू होता, मी वळणावर पट्टी कापत होतो. देव समजून घेईल.
मुद्दाम खिडकीखाली बसून विचारलं, "मामा, फट किती ठेवू?"
उत्तर नाही.
पुन्हा विचारलं. नाही.

१९ एप्रिल, शुक्रवार
घरात पोस्टकार्ड नाही. कोण लिहितं आता. लग्नपत्रिका घालून मापत होतो.
खिडकीतून : "काय घातलंस त्ये?"
"पत्रिका."
"कुनाची?"
"सु.च्या भाच्याची."
"सोन्याची वेलबुट्टी हाय तिला. लई जाड. नवऱ्याची गाडी घसरल."
सु. ओट्यावर डाळ निवडत होती, तोंडाला पदर लावून हसली. महिन्यात पहिल्यांदा घरात कोणी हसलं. मी माळ्यावरच्या ट्रंकेत शोधून मंगलअक्काचं जुनं कार्ड काढलं, 'बाबा तब्येतीला जपा' लिहिलेलं. ते खिडकीतून दाखवलं.
"हां. तेवडी."
बस. पुन्हा भिंतीकडे.

२१ एप्रिल, रविवार
डॉक्टर येऊन गेले. मामांना उभं केलं. खिडकीचा गज धरून किती वेळ, पाच-सहा श्वास. पाय थडथड उडायला लागले. बसले. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, मन नसेल तर औषध काय करणार. आठवडाभरात काही फरक पडला तर पडला.
कापायचं काम संपलं. वळणावरचे सहा सांधे मुद्दाम आवळले नाहीत.

२२ एप्रिल, सोमवार
उद्या हनुमान जयंती. दरवर्षी सूर्योदयाला जन्म झाला की सुंठवडा गाडीच्या डब्यांतून फिरतो, तुळशीपासून कडुनिंबापर्यंत. शेजारचे कुंपणापलीकडून हात पुढे करतात. मामा हिरवी झेंडी दाखवतात तेव्हा.
संध्याकाळी खाटेशी बसून सगळं सांगितलं, काही न झाकता. विचारल्याशिवाय तुमची लाईन उखडली. चुकलो. पट्ट्या कापल्यात. वळणावर सहा सांधे ढिले आहेत, लाल झेंडी तिथंच आहे. ती मी काढणार नाही, माझं ते काम नाही.
"आन् म्या उठलो न्हाय तर?"
"तर गाडी नाही सुटणार."
"परसाद?"
"राहील डब्यात."
"शेजारचे काय म्हनतील?"
"कीमन रजेवर हाय म्हणून सांगीन."
माझ्याकडे बघितलं. रागानं का कशानं, कळलं नाही. नवा डोळा लखलखीत आहे.

२३ एप्रिल, मंगळवार
ओट्यावर बसून लिहितोय. पाच वाजता आंघोळ, पूजा. सु.नं सुंठवडा डब्यांत भरला. इंजिन तुळशीपाशी उभं. हातोडा कोनाड्यातून काढून मामांच्या काठीशेजारी ठेवलाय. जागे होते.
देवळात घंटा वाजल्या. जन्म झाला. ऊन टाकीवर आलं, मग तुळशीवर. कुंपणापलीकडे चार-पाच जण. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो दत्ताभाऊ, उशीर का आज गाडीला?" म्हटलं, "राउंड व्हायचाय."
काकूंनी खिडकीकडे बघितलं. मग कुणी काही विचारलं नाही. कुणी गेलंही नाही.
सु. दारात उभी. आत जाऊ का, असं डोळ्यांनी विचारलं. मी मान हलवली. नको.
ऊन कडुनिंबाच्या बुडाशी पोचलं. अजून तासाभरात रूळ तापतील.
आत खाट करकरली. मग काही नाही. मग काठी फरशीवर टेकल्याचा आवाज, एकदाच.
मी मागं बघत नाही. लाल झेंडीकडे बघत बसलोय.